कांडीचं मशीन कुणाच्या बाजूला

१४ जाने. मंगळ.

संक्रांत. तिळगूळ यंदा कडक झाले, दातांचं मरण. कविता सकाळीच आली, पोट पुढे, मागे जाऊ. म्हणाली, "आजी, ही मंदा. माझी धाकटी जाऊ. मी उद्या माहेरी जाते, अकलोलीला, बाळंतपणाला. माझ्या मशीनवर ही बसंल. बदली."

म्हटलं, बघू हात. बघितले. बारीक कापल्याच्या खुणा आहेत, म्हणजे सुतावर काम केलेलं आहे. ठेवली.

या दोघींची नळावरची भांडणं अख्ख्या कामतघरला माहीत. आणि आता एक दुसरीला आपली जागा देते. म्हटलं, "परत दिली न्हाय तर?" कविता हसली. "तिला बी पोर व्हायचं हाय ना अजून."

हिशेबी बाई. मला हिशेबी माणसं आवडतात. रडकी नाही आवडत.

२६ जाने. रवि.

मंदाचा हात चालतो. सुताच्या कांड्या भरून भरून टोपल्यात टाकते, एका टोपल्यातल्या डावीकडच्या लूमला, दुसऱ्यातल्या उजवीकडच्या. कांडी थांबली की लूममधला धोटा रिकामा, धोटा रिकामा की लूम बंद. आमची सगळी शेड त्या एका मशीनवर जगते. ते बरोबर मधे आहे, सासऱ्यांनी बसवलं तिथेच.

कागदावर मात्र शेड दोन आहेत. डावी माझ्या नावावर, उजवी सून वंदनाच्या. दहाच्या आत माणसं दिसली की फॅक्टरीत मोजत नाहीत, म्हणून. मीटर दोन, दार एक. मुलाच्या, प्रकाशच्या, नावावर फक्त मोटारसायकल. मालक मी, ओरडतो तो.

६ फेब्रु. गुरु.

कविताला मुलगी. मंदाने पेढे आणले, स्वतःच्या पदराखालून काढून एकेकाला मोजून दिले. मला दोन. म्हटलं, दोन का? "तुम्ही मालक." कागद वाचून आली वाटतं.

१९ फेब्रु. बुध.

प्र. तिला रोज विचारतो, "आधार कार्ड आणलंस?" ती रोज सांगते, "गावी राह्यलं शेठ." काल म्हणाली, मांजराने नेलं. मांजराने आधार कार्ड.

मला उशिरा कळलं. प्र. ला मंदाची नोंद करायची आहे, वंदनाच्या बाजूला, नवीन बाई म्हणून. ती झाली की कविताची जागा गेली. मंदा ते पहिल्या दिवसापासून जाणून आहे. कार्ड तिच्या ब्लाउजात आहे, मी बघितलंय, घाम पुसताना. मी काय बोलणार. मी आपली लूमच्या आवाजात बहिरी.

आमच्या वेळी बाळंतीण परत यायची तर तिच्या जागी दुसरी बसलेली असायची. उठून सांगायलाही कुणी यायचं नाही. ती उभी राहायची, बघायची, जायची. या दोघी तसं जायच्या नाहीत. बरं वाटलं मला ते. कुणाला सांगायचं नाही.

२५ फेब्रु. मंगळ.

नाक्यावरचा कन्सल्टंट आला, लेबरचे कागद करून देणारा. अत्तर इतकं की चहाला वास लागला. एक कागद पुढे केला, सही करा. प्र. ने वाचला. कविता स्वतःच्या मर्जीने काम सोडून गेली असं मी, मालक, लिहून देते.

म्हटलं, ती बाळंत झाली. त्यात मर्जी कुणाची?

कन्सल्टंट म्हणे, "आजी, फॉर्मॅलिटी असते."

म्हटलं, चष्मा फुटलाय. चष्मा डोक्यावर होता. दोघांनी बघितला. कन्सल्टंटने पेनाला टोपण लावलं.

नंतर प्र. एकटा आला, खाली बसला. "आई, बाळंतपणाची रजा भरपगारी द्यायची, जागा ठेवायची, मग फंड, मग विमा. दोन्ही बाजू एक धरल्या तर आपली फॅक्टरी होते. शेजारच्याने लूम भंगारात घातले ते बघितलंस ना. आपण बुडलो तर या दोघींना कांडीचं काम कोण देणार?"

खोटं नाही बोलला. रात्रपाळी दिवाळीपासून बंदच आहे. माल उचलला जात नाही. पोरगा माझा आहे, चोर नाही. घाबरलाय. घाबरलेला माणूस पहिला हात बाईच्या जागेवर टाकतो, एवढंच.

सही नाही केली. नाही असंही म्हटलं नाही.

६ मार्च गुरु.

लेबर ऑफिसचं पाकीट. माझ्या नावाने. पोस्टमन दारात जोराने नाव वाचून दाखवत होता, जसं काही माझं लग्न ठरलं. कविताने तक्रार घातली. बाळंतपणात कामावरून काढायचा घाट म्हणून. अकलोलीहून तान्ही घेऊन आली, अर्ज दिला, परत गेली. अजून सव्वा महिना पण...

प्र. मंदावर ओरडला, "तूच सांगितलंस तिला." मंदा कांडी भरत होती. मान वर न करता म्हणाली, "मी कुठं बोलते तिच्याशी शेठ. आमचं भांडण हाय."

मला ठसका लागला. पाणी प्यावं लागलं.

१८ मार्च मंगळ.

तारीख. लेबर ऑफिसात गेले. नऊवारी नेसले मुद्दाम. प्र. रिक्षात शिकवत होता: सांग की कविता वंदनाकडची. वंदनाकडे तिची नोंदच नाही, म्हणजे विषय संपला.

साहेब तरुण, केस गळायला लागलेले. "आजी, मालक तुम्ही?"

"कागदावर."

"ही बाई तुमच्याकडे होती की सुनेकडे?"

मी तोंड उघडायच्या आधी कविता बोलली. पोर मांडीवर, एका हाताने थोपटत. "साहेब, मी दोघींकडची. डावीकडं कांडी कमी पडली की या आजी ओरडतात. उजवीकडं कमी पडली की वहिनी. सकाळपासनं संध्याकाळपर्यंत दोघींची एकच बाई. मोजायच्या वेळीच तेवढ्या यांच्या दोन शेड होतात."

एवढी वर्षं शेडमधे आहे मी. हे इतकं सरळ मला कधी बोलता आलं नसतं. प्र. ला तर नाहीच.

साहेब मला म्हणाले, "खरं आहे का?"

म्हटलं, "ओरडते मी, ते खरं आहे."

साहेबांनी लिहून घेतलं. सोमवारी स्वतः येतो म्हणाले, शेड बघायला. एक आहे की दोन.

बाहेर आल्यावर कविता पाया पडली. म्हटलं, पाय सोड, ऊन लागलं असेल पोरीला, टोपडं नीट बांध. प्र. रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. मागे जागा होती.

२१ मार्च शुक्र.

शुक्रवारची सुट्टी, लूम बंद. तरी शेडमधून आवाज. गेले तर मिस्त्री, सिमेंट, ब्लॉक. प्र. शेडच्या मधोमध भिंत घालतोय. सोमवारच्या आत. एकाच्या दोन. मागच्या बाजूला दुसरं दार पाडलंय.

भाऊबंदकीत भिंती घालतात ते बघितलंय. सासू-सुनेत पण. पण मी आणि वंदना कधी इतक्या भांडलो नाही की भिंत लागावी. वंदना चहा घेऊन आली, बघत उभी राहिली. म्हणाली, "आई, मग चहाची किटली कुठल्या बाजूला?" सरळ तोंडाने. ही पण शिकतेय.

दोन्ही टोकांनी भिंत मधे आली आणि मशीनपाशी थांबली. मशीन हलवायचं तर वायरमन पाहिजे, वायरमन शुक्रवारी कुठला. उद्या, म्हणाला प्र.

२२ मार्च शनि.

सकाळी मंदा मशीनवर, आणि शेजारी कविता. कुणी बोलावलं? कुणी नाही, भांडण आहे ना यांचं. भिंतीच्या ब्लॉकातून बाहेर आलेल्या सळईला साडीची झोळी बांधलेली. भिंतीचा पहिला उपयोग. पोर आत झोपलेली, लूमच्या आवाजात. त्यांच्या घरी झोपत नाही म्हणे, इथे झोपली.

वायरमन आला, मिस्त्री आला. मंदा उठेना. कविता उठेना.

मिस्त्री मला म्हणाला, "माताजी, ये उठेगी नहीं तो दीवार कैसे जाएगी?"

म्हटलं, "मेरे को मत पूछ. मैं कागज की मालकीण हूँ."

कविता म्हणाली, "मिस्त्री, घुमा के ले लो."

"घुमा के? किधर?"

"वो तुमको मालूम. हम तो मशीन पे हैं."

प्र. म्हणाला, पोलीस बोलावतो. मंदा म्हणाली, "बोलवा ना. त्यांना बी विचारू, आमी कुठल्या बाजूला हाव."

प्र. ने फोन काढला, परत खिशात ठेवला. लूम चालू होते. कारागीर सगळे दोन्हीकडून बघत होते, डावीकडचे भिंतीवरून, उजवीकडचे भिंतीवरून. कुणी लूम थांबवला नाही. कांडी संपली की हात पुढे, मंदा देत होती. दोन्ही बाजूंना.

वायरमन म्हणे, चालू मशीनला मी हात लावत नाही. गेला. त्याचंही बरोबर.

काय बायका आहेत. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत, फक्त काम करत बसल्या. कामावर असलेल्या बाईला कामावरून हलवणं किती अवघड, ते आज बघितलं. पोर रडली तेव्हा कविताने पाठ फिरवून पाजलं, मंदा चार हाताची झाली. त्यांना तशा बघून मी चक्क उभी राहिले, गुडघे दुखेपर्यंत.

२३ मार्च रवि.

आज पण त्या दोघी मशीनवरून हलल्या नाहीत. प्र. सकाळपासून जेवला नाही. संध्याकाळी वंदनाने वाढलं, तेव्हा माझ्याकडे न बघता बोलला. "उद्या सहाला वायरमन येतो. ड्युटी आठला. त्या यायच्या आत मशीन हलवायचं, दहापर्यंत भिंत पूर्ण. साहेब अकराला येतील." मग, "आई, साहेबांनी विचारलं तर तू फक्त तुझ्या बाजूचं सांग."

म्हटलं, जेव.

जेवला. दोन भाकऱ्या खाल्ल्या. लहानपणी पण असाच, रुसायचा आणि मग जास्त खायचा. हे सगळं त्याने वंदनासाठी, माझ्यासाठी टिकवून धरलं. भंगारात गेलं तर तो कुठल्या नाक्यावर उभा राहील, ते मला दिसतं. कविताची जागा गेली तर ती कुठे उभी राहील, ते पण दिसतं. डोळे अजून चांगले आहेत, चष्मा असो नसो.

शेड बंद करायला मीच गेले. मागच्या नव्या दाराला आतून कडी घातली. भिंत छातीपर्यंत आली आहे, इकडून आणि तिकडून, मधे मशीन जेवढं तेवढी फट. झोळी तशीच सळईला. सोडून नेली नाही. उद्या लागणार म्हणून ठेवली असेल. मी सोडायला हात वर केला, मग राहू दिली.

शेडची किल्ली रोज घरात दारामागच्या खिळ्याला असते, प्र. घेतो. आज माझ्या कमरेला आहे. प्र. झोपायच्या आधी खिळ्याकडे बघून गेला. मागितली नाही. मी पण दिली नाही.

सहाला वायरमन येईल. आठला त्या दोघी. मला जाग पाचलाच येते.