शेजारचा छापखाना

तीर्थरूप बाबा,

गाळा लहान आहे, तेव्हा साष्टांग नमस्कार उभ्यानेच घातलाय असं समजा.

सामान नीट पोचलं. उजेड भरपूर आहे, कुलूप मजबूत आहे. हे आईला आधी वाचून दाखवा.

आता उरलेलं. वजनकाटे दुरुस्त करायचे म्हणून गाळा घेण्याआधी मी फरशीची पातळी, ओल, विजेचा दाब, सगळं तपासलं, पण रविवारी. शेजारचा छापखाना रविवारी बंद असतो. सोमवारी त्यांचं यंत्र सुरू झालं आणि सोनाराचा काटा थरथरायचा थांबेचना. सोनार म्हणाला, "ताई, तुमच्याकडे आल्यापासून जास्तच बिघडला." गाळ्याचे मालक म्हणतात, सवय होईल. मला होईल हो, काट्याला कशी व्हायची?

छापखान्याचे काका भले आहेत. जेवायला बसताना यंत्र बंद करून भिंतीवर थाप मारतात, "चल गं, कर तुझी वजनं." तेवढ्यात जे होईल ते काम. पण काका फार भराभर जेवतात. असं चाललं तर गिऱ्हाईक टिकायचं नाही.

तुमची कंबर कशी आहे? मागच्या खोलीतलं माझं टेबल दादाला इतक्यात देऊ नका. काळजीचं काही नाही. फक्त ते जागचं हलवू नका, पातळीत बसवलेलं आहे.

तुमची,
धाकटी