तिसऱ्या फेरीला पाय कोणाचा

तीर्थस्वरूप मामांना धाकट्या भाच्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा एकदाच वाकलो. तो मामी आणि तुम्ही वाटून घ्या).

मामींचा गुडघा कसा आहे? तुमचा रक्तदाब? इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ही मजेत आहे, मुलगी मजेत आहे. मी मात्र जळतो आहे, मामा. तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही थोरल्याला सायकल आणलीत तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो (तिसऱ्या दिवशी ती सायकल नाल्यात गेली. आपोआप गेली नव्हती. आता सांगायला हरकत नाही).

आमच्या लोकसंगीताच्या मंडळाविषयी मी मागे लिहिलं होतं. लाँड्रीच्या वरची खोली, दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता आठ माणसं, आणि खालून येणारी इस्त्रीची वाफ. मुळात आम्ही फक्त केल्टिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या, धुना वाजवणार होतो. पण दंतवैद्याला अ‍ॅकॉर्डियनशिवाय काही येईना, चष्म्याच्या दुकानदाराने कुठूनसा अरबी ऊद (धुपाचा नव्हे, तारांचा) पैदा केला, आणि शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आफ्रिकन जेंबे ढोल कडेवर घेऊन जिना चढून आल्या. एवढ्या माणसांना नाही म्हणण्यापेक्षा आम्ही पाटीवर ‘केल्टिक आणि जागतिक लोकसंगीत’ असं लिहून टाकलं. मी टिन व्हिसल वाजवतो, म्हणजे सहा भोकांची पत्र्याची शिट्टी (ही तिला कुकरची धाकटी बहीण म्हणते).

आता मुद्द्याचं. केल्टिक धून असते एवढीशी, अर्ध्या मिनिटाची. ती तीनदा फिरवायची आणि थांबायचं. पण थांबा म्हणून सांगणार कोण? सगळ्यांचे हात गुंतलेले, माझ्या तोंडात शिट्टी. म्हणून गोल करून बसलेल्यांपैकी एक जण तिसऱ्या फेरीला पाय उचलतो, की फेरी संपताच सगळे एकदम थांबतात. अकरा वर्षं तो पाय माझा होता. मामा, मी दिवसभर दप्तरखान्यात जुन्या फायली लावतो. तिथे माझ्या शब्दाखातर शिपाईसुद्धा थांबत नाही. घरात मी ‘पुरे’ म्हटलं की टीव्हीचा आवाज वाढतो. पण गुरुवारी मी नुसता डावा पाय उचलला की सात शहाणीसुरती माणसं गप्प होतात. माझं राज्य म्हणाल तर एवढंच आहे.

गेल्या उन्हाळ्यात तिथे मीटरवाला आला. तुमच्याच पाणीपुरवठा खात्यातला, घरोघर जाऊन मीटर बघणारा (तुम्ही खात्यात एवढ्या वरच्या खुर्चीवर, तुम्हाला खालची माणसं कुठून दिसणार). लाँड्रीचं मीटर बघता बघता त्याने वरचा आवाज ऐकला आणि पुढच्या गुरुवारी फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, घेऊन दारात उभा. वाजवतो चांगलं. (हे वाक्य लिहिण्याआधी मी उठून दोनदा पाणी प्यालो.) बरं, माणूस उद्धट असता तर मनसोक्त शिव्या घालता आल्या असत्या, तर तोही नाही. खुर्च्या लावतो, जिन्यावर बाईंचा जेंबे उचलून घेतो, मला ‘सर’ म्हणतो. अशा माणसाचा राग करायला फार कष्ट पडतात. मी ते घेतले.

तिसऱ्या गुरुवारी माझ्या लक्षात आलं की माझा पाय वर जायच्या आधीच मंडळी थांबताहेत. बघतो तर सगळ्यांचे डोळे मीटरवाल्याच्या बुटावर! त्या बिचाऱ्याला (बिचारा कसला) आपण पाय उचलतो हे ठाऊकही नव्हतं. फेरी संपत आली की तो आपसूक चार बोटं वर यायचा. मी दंतवैद्याला जिन्यात गाठून जाब विचारला. तो दाढ काढण्यापूर्वीच्या आवाजात म्हणाला, “अहो, त्यांचा पाय वेळेवर येतो. तुमचा थोडा उशिरा येतो, इतकंच.” अकरा वर्षं हा माणूस गप्प होता, मामा! अकरा वर्षं माझा उशिरा येणारा पाय बघून मनात हसत होता.

मग वाचनालयाच्या सभागृहात आमचा कार्यक्रम ठरला. मी मनाशी म्हटलं, आता दाखवतोच. लालभडक मोजे घेतले, आणि चटकन उचलता यावेत म्हणून बिनलेसचे हलके बूट. घरी आरशासमोर आठवडाभर पाय उचलायचा सराव केला. मुलीने आईला विचारलं, “बाबांच्या पायात गोळा येतोय का?” ही म्हणाली, “पायात नाही, पोटात. मीटरवाला आल्यापासून येतोय.” हिला सगळं कळतं, हाच मोठा त्रास आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. शेवटची धून, तिसरी फेरी. मीटरवाल्याचा पाय हलायच्या आत मी माझा असा काही झटक्यात उचलला की बूट पायातून सुटला, मंचावरून उडत गेला आणि बाईंच्या जेंबेवर आपटला. धप्प! बाईंना वाटलं नवीन ताल ठरला आहे आणि आपल्यालाच कोणी सांगितलं नाही. त्यांनी तो ताल जोरात उचलला. दंतवैद्य थांबला, ऊदवाला थांबून परत सुरू झाला, आणि मी लाल मोजा हवेत धरून तसाच बसलो. आमची अब्रू जाणार एवढ्यात मीटरवाल्याने बाईंचा ताल पकडला, डोळे मिटले आणि त्यावर दुसरीच एक धून अशी काही सोडली की एकेक करून सगळे त्याच्या मागे गेले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. नंतर जो तो त्याचा हात हातात घेत होता. माझ्याकडे फक्त बाई आल्या. म्हणाल्या, “बुटाचा ठोका छान होता हो, पुढच्या वेळी आधी सांगत जा.” मी एका बुटाने घरी आलो. दुसरा शोधायला मंचाखाली वाकायची लाज वाटली.

तर असं आहे. मामींना नमस्कार, गुडघ्याला आराम.

तुमचा धाकटा भाचा
(सध्या एका बुटाचा)

ता. क. मागच्या महिन्यात फोनवर मी एक गोष्ट बोललो होतो, पण मध्येच लाईन तुटली. तुम्ही ऐकली की नाही ते कळलं नाही, म्हणून परत लिहितो. त्या मीटरवाल्याची कुठेतरी लांब बदली होईल का? त्याच्या भल्यासाठीच म्हणतोय, हवापालट होईल.

ता. क. दुसरा. हे हिला कळू देऊ नका.

ता. क. तिसरा (दुसऱ्या दिवशी सकाळी, पाकीट फोडून). तुम्ही ऐकलं होतं तर! सकाळी मीटरवाला माझा बूट घेऊन दारात आला. पुसून आणला होता. म्हणाला, बदलीचा कागद आलाय, सोमवारी निघायचं, तिकडे दोन टाक्या आणि एक पंप आहे, बरोबर वाजवायला कोणी नाही. “सर, जायच्या आधी एकदा वाजवू या का, दोघंच?” तुमचं नाव सांगायची हिंमत झाली नाही. मी शिट्टी घेतली. तिसऱ्या फेरीला त्याने माझ्या पायाकडे पाहिलं. स्वतःचा जमिनीवर घट्ट दाबून धरला होता. मी उचललाच नाही. चौथी फेरी झाली, पाचवी झाली, चहा निवला, आतून ही ओरडली, “अहो, थांबा की आता!” पण माझा पाय काही उठेना. पंधराव्या फेरीला त्याच्या फिडलची तार तुटली, म्हणून थांबलो.

तेव्हा मामा, ती बदली रद्द करा. आजच्या आज करा. फक्त दर गुरुवारी त्याला ऑफिसातून अर्धा तास उशिरा सोडत जा. पहिल्या धुनेपुरता तरी पाय माझा राहू दे.