तिसऱ्या नटावरची रेघ

४ जानेवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला म्हणून रुसू नकोस. इथे टेकडीवर फोन लागत नाही आणि टपाल नेणारा माणूस आठवड्यातून दोनदा येतो, तोही त्याच्या लहरीने. आईच्या गुडघ्यांसाठी मलम पाठवलं आहे. ते तिलाच लाव, तुझ्या गाड्यांच्या बिजागऱ्यांना नको.

आता कामाचं. आमच्या दवाखान्याच्या गाडीने अखेर मान टाकली. खालची चासी मधोमध गंजली होती, तिला आरपार भेग गेली. वरची बॉडी मात्र ठणठणीत आहे: रुग्णांसाठी दोन बाक, औषधांची कपाटं, मागची दुहेरी दारं, सगळं शाबूत. नवी गाडी मागितली तर साहेब म्हणतात दोन वर्षं कळ काढा. पोटात कळा येणाऱ्या बायकांना हे कसं सांगायचं ते साहेबांनी सांगितलं नाही.

म्हणून मनात आलं ते लिहिते. बाबांच्या जीपची चासी वर्कशॉपमागे नऊ वर्षं ताडपत्रीखाली पडून आहे. बॉडीचा चुराडा झाला तरी चासी सरळ आहे, असं तूच म्हणाला होतास. चारही चाकांनी ओढणारी गाडीच आमच्या रस्त्याला लागते. तिच्यावर आमची बॉडी चढवून दे. बाबांची गाडी पुन्हा माणसं पोचवायला लागेल. मी रोज तिच्यातच बसेन.

आईला नमस्कार. तुझ्यावरचा लोभ कमी होत नाही, इलाज नाही.

तुझी,
ताई


१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर मी ते आधी दोन दिवस खिशात ठेवलं होतं.

ताई, ती चासी नको. दुसरी शोधतो. भंगारवाल्याकडे एक आहे, जरा लांब आहे पण कापून जुळवता येईल. बाबांच्या चासीचं इंजिन नऊ वर्षं फिरलेलं नाही, शिवाय तुमच्या बॉडीचं वजन तिला झेपेल की नाही कोण जाणे.

हे सगळं मी आईलाही ऐकवलं. तिने चष्मा पुसला आणि म्हणाली की वजन न झेपायला ती चासी काही तुझ्यासारखी नाही. मग विचारलं, की बाबांच्या वस्तूला हात लावायला तू एवढा का बिचकतोस. तिने स्वतः काठी टेकत जाऊन ताडपत्रीची एक दोरी सोडली, तेव्हा उरलेल्या मलाच सोडाव्या लागल्या.

तेव्हा बॉडी पाठवून दे. करतो.

लोभ आहेच, तो गंजू देऊ नये ही विनंती.

तुझा,
खटपट्या


३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बॉडी चढली! वेल्डरकाका आणि मी दोन दिवस खपलो. तुमची बॉडी वीतभर लांब निघाली, म्हणून मागे दोन आधार नवे जोडले. चेनपुलीने उचलून हळूहळू खाली सोडली, तेव्हा आठही भोकं एकमेकांवर अशी बसली, की वेल्डरकाका बिडी शोधायला लागले. इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. नऊ वर्षांनी! आईने घरातून ऐकलं आणि विचारलं, की एवढ्या लवकर कसे आले. कोण आले, हे मी तिला विचारलं नाही.

काम बाबांच्या पद्धतीनेच केलं आहे. नट आवळला की नट आणि पट्टी दोन्हींवर मिळून रंगाची एक सरळ रेघ. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. तुझा पांढरा डबा केव्हाच वाळून दगड झाला, मी पिवळा वापरला.

एक बारीकशी कटकट आहे. स्टिअरिंग बॉक्स चासीला चार नटांनी बांधलेला असतो. त्यातला तिसरा सकाळी सैल सापडतो. हाताने फिरतो इतका. आणि रेघ मात्र तुटलेली नाही, अगदी सरळ. म्हणजे नट बरोबर एक अख्खा वेढा मागे येऊन थांबतो, ना कमी ना जास्त. आवळला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नवा नट, नवा बोल्ट, नवे वायसर, सगळं करून पाहिलं. आटे झिजले असतील. काढेन काहीतरी मार्ग.

आई बरी आहे. लोभ असावा, आणि उत्तर लवकर असावं.

तुझा,
खटपट्या


९ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

शाब्बास रे पठ्ठ्या! तुझं पत्र मी दवाखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या दाईबाईंनी तर गाडीत सर्वात आधी कोण बसणार हेही ठरवून टाकलं. अर्थात त्याच.

तुझा तिसरा नट लाडावला आहे, दुसरं काही नाही. माणसाच्या दुखण्याला मी गोळी देते, नटाच्या दुखण्याचं तू बघ. पण रेघेची आठवण काढलीस आणि हसू आलं. तू पान्याने आवळायचास आणि मी मागून रेघ ओढायची. ब्रश जाड म्हणून मी डब्यात बोट बुडवायचे आणि मग रॉकेलने हात धुताना रडायचे. बाबांचा नियमच होता, की पाना आणि रंग एका हातात जाता कामा नये. आवळणारा चुकला तर रंगवणाऱ्याने पकडायचं. नट हलवून बघितल्याशिवाय मी एकही रेघ ओढली नाही. तुला किती वेळा पकडलं होतं, आठवतंय?

गंमत म्हणजे गेल्या आठवड्यापासून माझ्याही उजव्या बोटाच्या नखात पांढरा रंग बसला आहे. दवाखान्याच्या खिडक्या रंगवत आहेत, कुठेतरी हात लागला असेल. स्पिरिटने घासलं तरी जात नाही.

गाडी न्यायला आमचा ड्रायव्हर १ मार्चला येईल. लोभात काटकसर नको.

तुझी,
ताई


१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज थट्टा करायच्या मनःस्थितीत नाही, रागावू नकोस.

तिसऱ्या नटावर परवा मी रेघच ओढली नाही. म्हटलं रंगच नको, मग बघू. नट आवळला, पाना कपाटात ठेवला, वर्कशॉपला कुलूप लावलं आणि किल्ली उशाशी घेतली. सकाळी उजेडात गाडीखाली गेलो. नट सैल होता. आणि त्याच्यावर रेघ होती. पांढरी. बोट लावलं तर ओली.

ताई, ती ब्रशची रेघ नाही. बोटाची आहे. शेवटाला जरा वाकडी होते, तुझी व्हायची तशी.

वर्कशॉपमध्ये पांढरा रंग थेंबभरही नाही. वेल्डरकाकांना बोलावून दाखवलं. ते गुडघ्यावर बसले, बघितलं, आणि उठून घरी गेले ते परत आलेले नाहीत. आईला विचारलं, तू इकडे आली होतीस का. ती म्हणाली, मला दोन पायऱ्या धड उतरता येत नाहीत आणि तू मला गाडीखाली कुठे घालतोस.

ड्रायव्हरला पाठवू नकोस. ही गाडी मी देणार नाही. तुला त्यात बसू देणार नाही. कारण विचारू नकोस.

खटपट्या


२१ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तू जेवत नाहीस, झोपत नाहीस, त्याचा हा परिणाम. नटावर तूच कधीतरी रंग लावला असशील आणि विसरला असशील. मी एवढंच म्हणेन. रेघेबद्दल मला जास्त विचार करायचा नाही.

पण गाडी मी नेणार. परवा एका बाईला खाटेवर घालून चार माणसांनी टेकडीवरून खाली नेलं. बाई वाचली, मूल गेलं. गाडी असती तर गेलं नसतं. तेव्हा कारण विचारू नकोस म्हणालास तरी मी विचारणारच.

तुझं कारण मला ठाऊक आहे असं वाटतं, म्हणून आज पहिल्यांदा लिहिते. मला त्या गाडीत बघितलं की तुला बाबा आठवतील. ते माझ्यामुळे गेले, हे तू कधी तोंडाने म्हणाला नाहीस, पण मला कळतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला इथे पोचवून ते लगेच परतणार होते. मीच म्हणाले, की जाता जाता खोलीत एक फळी ठोकून द्या. नको नको म्हणताना त्यांनी ठोकली, तासभर गेला, आणि पुलाच्या वळणावर धुक्याने त्यांना गाठलं. एका फळीपायी! नऊ वर्षं ती फळी माझ्यासमोर आहे. तिच्यावर मी आजवर सुईसुद्धा ठेवलेली नाही. म्हणून घरी येत नाही रे. आईच्या डोळ्यांना डोळे भिडवायचे कसे?

तिच्यातून लोकांना पोचवीन, तेवढीच भरपाई. ती मला करू दे.

लोभ ठेव, जमलं तर.

तुझी,
ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार लिहायचा हक्क आहे की नाही कळत नाही, म्हणून तसाच सुरू करतो.

फळीने काही झालं नाही. धुक्यानेही नाही.

तू निघालीस त्या सकाळी बाबांनी मला स्टिअरिंग बॉक्सचे नट बघायला सांगितले होते. तू नवा पांढरा गणवेश घालून अंगणात उभी होतीस. मी रेघ ओढायला हाक मारली, तेव्हा म्हणालीस, की आज हात खराब नको, तूच ओढ. मी रंग आधीच लावून टाकला. चारही नटांवर, प्रत्येक बरोबर एक वेढा सैल ठेवून, म्हणजे अख्खा वेढा आवळला की रेघ पुन्हा जुळेल. म्हटलं, आवळून होईपर्यंत वाळेल. मग आवळायला घेतलं, समोरासमोरचे, बाबांनी शिकवलं तसं. पहिला, चौथा, दुसरा. तिसरा शेवटी राहतो. तेवढ्यात ट्रंक उचलायला हाक आली. परत आलो, खाली वाकलो, तर चार सरळ पांढऱ्या रेघा. झालं की, म्हणून पाना ठेवला. बाबाही वाकले होते. त्यांनीही चार रेघा बघितल्या. तुझ्याच समजून ते निश्चिंत झाले. मी त्यांना सांगितलं नाही, की आज ताईने ओढलेल्या नाहीत.

तूही त्याच गाडीत बसून गेलीस. जाताना तो नट कसा टिकला, देव जाणे.

गाडी ओढून आणली तेव्हा सर्वात आधी मी खाली गेलो. तिसरा बोल्ट नव्हताच. उरलेले तीन उपटले होते. पंचांनी कागदावर धुकं लिहिलं आणि मी गप्प बसलो. नवे बोल्ट घातले, ताडपत्री टाकली. तू स्वतःला दोष देतेस हे मला अंदाजाने माहीत होतं. तरी गप्प बसलो. हे दुसरं पाप पहिल्यापेक्षा मोठं आहे, कारण पहिलं चुकून झालं होतं.

कालच आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही, पण रात्री ताट वाढलं.

मला काय लिहायचं ते लिही. नाही लिहिलंस तरी चालेल.

खटपट्या


२८ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नव्हता. आता लिहिते. अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि पहिला दिवस तुझा इतका राग आला, की दाईबाईंनी मला इंजेक्शनला हात लावू दिला नाही. नऊ वर्षं, अरे! नऊ वर्षं मी आईच्या हातचं जेवले नाही. तू एका ओळीत मला सोडवू शकला असतास. क्षमा केली असं मी लिहिणार नाही. ती टपालाने पाठवायची वस्तू नाही.

दुसऱ्या दिवशी मी उठले आणि औषधांच्या बाटल्या फळीवर लावल्या. सगळ्या मावल्या. बाबांनी फळी पक्की ठोकली आहे, जराही हलत नाही. मग बाटल्यांपुढे बसून मी पोटभर रडले.

हात खराब नको असं मी म्हणाले, हे मी विसरले होते. ते माझ्याही वाट्याचं आहे. ते मला घेऊ दे, सगळं तू ठेवू नकोस.

आता नीट ऐक. ड्रायव्हर येणार नाही. रविवारी मी येते आहे. चारही नट सोडून ठेव. तू आवळ, मी हलवून बघेन आणि मग रेघ ओढेन. नंतर गाडी तू चालवायचीस, मी शेजारी बसेन, त्याच रस्त्याने, त्याच पुलावरून. मला इथे सोडून गाडी शेवटच्या तपासणीला परत नेताना त्या वळणावर तू एकटा असशील, हे लक्षात ठेवून आवळ.

आईला सांग, दोन घास जास्त टाक. लोभ होता, आहे, आणि भांडायला तो लागतोच.

तुझी,
ताई

ता. क. मागे एक खोटं लिहिलं होतं, तू घाबरशील म्हणून. इथल्या खिडक्या हिरव्या रंगवल्या आहेत. पांढरा रंग या टेकडीवर कुणाकडे नाही. रोज सकाळी उठते तेव्हा बोटाला तो ताजा लागलेला असतो. या निळ्या कागदाच्या कोपऱ्यावर डाग दिसेल, तो आत्ताच पडला. पत्र घडी करण्याआधी फुंकर घालते आहे, पण वाळत नाही. पांढरा डबा आणू नकोस, चार रेघांना हे बोट पुरेल.