आप्पांचं पाचट

रविवार, संध्याकाळ

आज मॅप अपलोड करणारच होते. तीन महिने खपून बंदुकीच्या गेमसाठी आमचंच उसाचं रान उभं केलंय. पानापानावर ऊन पाडलं, वाऱ्यानं सावल्या हलवल्या. असे मॅप करून फुकट वाटणाऱ्यांचा आमचा ग्रुप आहे, तिथं फोटो बघूनच सगळे खूश. आणि आप्पा माझ्या खुर्चीमागं उभे राहून म्हणतात, "एवढा शत्रू उसातनं आला, आन् वाजलं कायच न्हाई?"

म्हटलं, आप्पा, ग्राफिक्स बघा की.

"ते लय भारी हाय. पण पाचट कुठं हाय?"

वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, उसाच्या वाळक्या पानांवर अडून बसला. मी चिडले. मग चपला घातल्या. शेतात आप्पा सरीतनं चालत राहिले, मी मोबाईल धरून मागं. पायाखाली पाचट करकर, करकर. तीनदा चालायला लावलं, एकदाही कुरकुरले नाहीत.

घरी येऊन आवाज बसवला आणि हेडफोन लावून मीच खेळले. उसातनं कुणीतरी आलं. एक पाऊल ठाम, दुसरं जरासं घासत. आप्पांचा दुखरा गुडघा. काढून टाकता आलं असतं ते घासणं. का नाही काढलं मी?

तसंच अपलोड केलं. तासाभरात ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, या उसात पाचट वाजलं की काटा येतो अंगावर. आप्पांना वाचून दाखवलं.

"मग, भ्यायलाच पायजे की," म्हणाले. "मी चालतोय न्हवं."