कंपनीचा बॉक्स आणि हरिओमचं कार्ड

मी, केवळाबाई सटवाजी ढगे, राहणार उमरी, जिल्हा नांदेड, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दबावाखाली नसून, उलट आज फार खुशीत असून, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते.

कलम १. शेत आणि घर मी हयातीतच थोरला दयानंद व धाकटा हरिओम या दोन मुलांत वाटले आहे. घरात मधोमध भिंत घातली आहे. त्यावरून कोणी तोंड उघडू नये.

कलम २. शिलाई मशीन थोरली सून आरती हिला, बोरमाळ धाकटी उज्वला हिला. माझ्या भावजयीला चमचाही देऊ नये. कारण तिला ठाऊक आहे.

कलम ३. टीव्हीचा बॉक्स. वाटणीच्या दिवशी त्यावरून दोघे भाऊ अडून बसले. पंचांनी डोकं लावून बॉक्स दयानंदला दिला आणि त्यात घालायचं कार्ड काढून हरिओमला दिलं. न्याय इतका चोख झाला की कोणाच्याच घरी चित्र दिसेना! आठवडाभर दोघे गाल फुगवून बसले. शेवटी उज्वला कार्ड घेऊन आरतीच्या दारात आली. म्हणाली, "आक्का, कार्ड आणलंय. पर शिरियल बघूनच जाईन, आन् जाताना कार्ड नेईन." तेव्हापासून संध्याकाळी सगळे तिथेच बसतात. भाकरी आरतीची, कालवण उज्वलाचं. मला दुसरं सुख नको.

कलम ४. परवा छपरावरची टीव्हीची छत्री दुरुस्त करायला आलेला माणूस म्हणाला, "मावशी, बॉक्स, कार्ड, समदं कंपनीचं हाय. तुम्हाला निस्तं वापराया दिलंय." दोघा भावांची तोंडं बघण्यासारखी झाली. मी पोट धरून हसले. वकीलसाहेब म्हणतात, जे आपलं नाही ते मृत्युपत्रात लिहिता येत नाही, कलम ३ गाळा. मी गाळणार नाही. मला एकच धास्ती आहे, माझ्या माघारी हरिओम वेगळं कनेक्शन घेईल आणि येणं-जाणं तुटेल. म्हणून सांगून ठेवते, कंपनी परत मागेपर्यंत बॉक्स थोरल्याकडे आणि कार्ड धाकट्याकडेच राहावं.

हे कलम आज सकाळी दोघांना वाचून दाखवलं. हरिओम म्हणाला, "माय, येगळं कनेक्शन कशाला घेऊ? पर उज्वलाला कालवणाचं पातेलं घेऊन गल्लीतून फिरून यावं लागतंय, त्याचं काय?" दयानंद उठून पहार शोधू लागला.

तरी या कागदावर विटांची धूळ दिसल्यास कोणी शंका घेऊ नये. मी सही करते आहे आणि दोघे भाऊ मधल्या भिंतीत दार पाडत आहेत.

सही: केवळाबाई सटवाजी ढगे

साक्षीदार:
१. राजशेखर बसलिंगप्पा, शेजारी
२. नीलाबाई, वाटणीच्या पंचांपैकी एक

उमरी, दि. १२ जानेवारी २०२४