नगरसेवकाबद्दलची अट मी मागे घेते

मी, व्हर्ना टॉलमी, वय एक्क्याऐंशी, राहणार डनरेव्हन, प्रांत ऑन्टॅरिओ, नदीखोरे मंडळाची निवृत्त अभियंता, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने आणि डोकं ठिकाणावर असताना हे लिहून ठेवत आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी भाची मॉराग हिला द्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. स्वयंपाकघराचा पिवळा रंग ती बदलणारच. माझी हरकत नाही.

२. मोजणीची दुर्बीण, तिपाई आणि पाण्याच्या पातळीच्या बत्तीस वह्या मंडळाच्या कचेरीला द्याव्यात. आकडे संगणकावर चढवले म्हणून वह्या रद्दीत घालू नयेत.

३. बर्फ उडवायचं माझं यंत्र शेजारी बर्ट हॅलक अकरा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी घेऊन गेला. ते आता त्यालाच असू द्यावं. मात्र ते माझं होतं, हे त्याने माझ्या अंत्यविधीला चारचौघांत कबूल करावं.

४. मिल स्ट्रीटच्या खालचं, नदीकाठचं अकरा एकरांचं कुरण. मंडळावर एकही निवडून आलेला नगरसेवक नसेल तरच ते मंडळाला मिळावं, अशी अट मी जुन्या मृत्युपत्रात घातली होती आणि गावभर सांगितलीही होती. नगरसेवकांना मंडळावर ठेवायचं की काढायचं, यावरून यंदा गावात रान उठलं आहे आणि ‘काढा’ म्हणणारे माझीच अट पुढे करत आहेत. ती अट मी मागे घेते. कारण लिहिलंच पाहिजे, नाहीतर म्हातारीला चळ लागला म्हणतील.

लॉर्न पेटिग्रू नगरसेवक म्हणून मंडळावर आला तेव्हा तो खिळे-मोळे विकायचा. ह्याला पाण्यातलं काय कळतं, असं मी उघड म्हणत असे. मिल स्ट्रीटची एक्केचाळीस घरं पुराच्या रेषेत होती. मंडळाने ती विकत घेऊन माणसं वर हलवावीत, हा प्रस्ताव माझा. लॉर्नने तो तीन महिने अडवून धरला. “व्हर्ना, तुझ्या नकाशावर रेषा आहे. माणसं कुठे जाणार ते दाखव ना,” म्हणायचा. तेवढ्या किमतीत वरच्या भागात घर मिळतच नव्हतं. किंमत वाढवून घेतली तेव्हाच त्याने प्रस्तावाच्या बाजूने हात वर केला. तो राग मी वर्षानुवर्षं जपला.

लोकांना नोटिसा मी पाठवल्या, त्याही घरपट्टीच्या बिलासारख्याच पिवळट पाकिटांतून. झालं! एक्केचाळीस पाकिटं न फोडता फ्रिजवर जाऊन बसली. मग लॉर्न दारोदार निघाला आणि मलाही ओढून घेऊन गेला. प्रत्येक दारात बूट काढायचे, मोज्यांवर आत जायचं, कॉफी घ्यायची आणि नुसतं ऐकायचं. म्हाताऱ्या अल्फोन्स ड्यूबेने दारातच विचारलं, “मत मागायला आलास की घर?”

“या खेपेला घर,” लॉर्न म्हणाला. “मत मागायला शरदात येईन. तेव्हा हाकलून दे.”

अल्फोन्सने तसंच केलं, घर दिलं पण मत नाही, आणि सगळ्या गल्लीनेही. ऑक्टोबरच्या निवडणुकीत लॉर्न त्रेसष्ट मतांनी पडला, म्हणून मंडळावरूनही गेला. मार्चमध्ये नदीतला बर्फ पुलापाशी तुंबला आणि मिल स्ट्रीटवर खिडक्यांपर्यंत पाणी चढलं. घरं सगळी रिकामी होती. एक मांजरसुद्धा बुडालं नाही.

सगळेच नगरसेवक लॉर्न नसतात. धरणाला सासऱ्याचं नाव मिळावं म्हणून मंडळाची दोन वर्षं खाणाराही मी पाहिला आहे. पण मला कुणाच्या दारात जावं लागत नव्हतं, म्हणून मी गेले नाही. लॉर्नला जावं लागत होतं, आणि मत जाणार हे दिसत असतानाही तो गेला. त्याच्याएवढा मोठा माणूस त्या टेबलाभोवती मी दुसरा पाहिला नाही.

आता जे कुणालाच ठाऊक नाही ते. त्याच्याविरुद्ध पडलेल्या मतांत माझंही मत होतं. राजकारण्याने मंडळावर बसू नये हे माझं तत्त्व, त्या तत्त्वापायी मी त्याला पाडलं. मला त्याची लाज वाटते.

कुरण मंडळाला द्यावं. नवी अट एवढीच: नदीकाठचे लोक मत देऊन ज्याला घरी पाठवू शकतात, असा एक तरी माणूस मंडळावर असावा.

५. लॉर्नला मी काहीही ठेवत नाही. ज्याला मिळायचं आहे त्याची साक्ष कायद्याला चालत नाही, आणि मला त्याचीच साक्ष हवी आहे.

नोंद: साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. तरी चौथं कलम मी लॉर्नला वाचायला लावलं. त्याने चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

“मला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “निकालाच्या दुसऱ्या दिवशी तू सफरचंदाचा केक घेऊन माझ्या दारात आलीस. अख्ख्या जन्मात तू गावात कुणाला बिस्किट नेऊन दिलं नव्हतंस.”

“मग खाल्लास कशाला?”

“केकने काय घोडं मारलं होतं? आण ते पेन इकडे.”

डनरेव्हन, ९ फेब्रुवारी २०२३

सही: व्हर्ना टॉलमी
वरील सही आम्हा दोघांसमक्ष झाली:
१. लॉर्न पेटिग्रू, निवृत्त दुकानदार
२. हेझल ओकेशॉट, ग्रंथपाल