यादीत लोन कुणाकडं लिहायचं?

नांदेड, ३ नोव्हेंबर २०२५

ती. रत्नम्माअक्कास,
शिवकांताचे सा. शरणार्थ वि. वि.

फोनवर बोललं की घरभर कान लागतात, म्हणून लिहून राहिले. शेजारची उमादेवी उद्या लातूरला ड्यूटीवर जाते, तिच्याजवळ देते.

आपल्या सृष्टीचं अहमदपूरच्या मल्लिनाथशी ठरलंय. येत्या रविवारी यादी. मंडप कुणाचा, जेवण कुणाचं, सगळं कागदावर लिहिणार. पण पोरीच्या फिजिओथेरपीच्या शिक्षणाचं लोन अजून सहा वर्षं हाय, ते कुणाकडं लिहायचं गं? हप्ता तिच्याच पगारातून जातो. हे म्हणतात, लग्नापर्यंत तोंडच उघडायचं न्हाई. उद्या सासरी कळलं तर लेकीला काय काय ऐकावं लागेल! माझं डोकंच चालंना.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी शिवकांता

लातूर, ६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. शिवकांतास,
अक्काचे अ. आ.

बाई गं, लपवायला तो काय चोरीचा माल हाय? सांगून टाक.

पण लिहायचं कुणाकडं, इथं मीही अडकले. तुझ्या दाजींना विचारलं. म्हणाले, शिकलेली सून त्यांना मिळते, लोनही त्यांनीच घ्यावं. मला पटलं. जेवताना म्हणाले, पण बँकेत सही बापाची हाय, बापानंच फेडावं. तेही पटलं! तिसरं काही म्हणायच्या आत मी ताट उचललं.

अन् सृष्टी काय म्हणते, ते लिहायचंच विसरलीस की.

भांडायचं तर भांड, पण हक्कानं लिहीत जा.
तुझी अक्का

नांदेड, १० नोव्हेंबर २०२५

ती. रत्नम्मामावशीस,
सृष्टीचा शि. सा. न. वि. वि.

काल यादी झाली. आई चहाच ओतत राहिली, बाबा खाली बघत बसलेले. शेवटी लोनचं मीच सांगितलं. मग अर्धा तास खल झाला अन् ठरलं, हप्ता बाबांनी भरायचा, पगार सासरी द्यायचा. सगळे खूश, साखरसुद्धा वाटली. बाबांचं दुकान तर दोन वर्षांपासून बंद आहे. ते कशातून भरणार? मी सगळ्यांच्या तोंडाकडं बघून राहिले. माझं चुकतंय की यांचं, तेच कळेना.

संध्याकाळी मल्लिनाथांना फोन केला. हे तुम्हाला बरोबर वाटतं का, एवढंच विचारलं. घरी विचारून सांगतो म्हणाले. मी म्हटलं, मग सांगूच नका, मला हे लग्न करायचं नाही.

फोन ठेवला अन् लई रडले. आई सकाळपासून आल्यागेल्याला पेढे देऊन राहिली आहे. तिला अजून काहीच माहीत नाही. मावशी, पत्र वाचून होताच मिळेल त्या एसटीनं ये. मला एकटीला तिला सांगता येणार नाही.

रागावलीस तरी चालेल, पण ये.
तुझी सृष्टी